मधली वाडी

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात रतन तांडेलाचा शब्द चालायचा. तरी मधली वाडी बंद ठेवायचं त्यानं काढलं तेव्हा त्याच्या सख्ख्या भावानंच त्याला वेड्यात काढलं.

वाडी म्हणजे नारळीपोफळीची नव्हे. खाडीच्या तोंडापासून बरंच आत, समुद्रात एक खडकाळ पट्टा आहे, त्याला इथले कोळी मधली वाडी म्हणतात. पावसाळा सरताना सुरमईची पिल्लं तिथं येऊन राहतात, अंगानं भरतात आणि मग खोल पाण्यात निघून जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की सगळ्या बोटी आधी तिकडेच धावायच्या. पिल्लं तर पिल्लं, जाळं भरल्याशी मतलब. मग एका वर्षी मोठी सुरमई फिरकलीच नाही. पुढच्या वर्षीही नाही.

"दरवर्षी दिवाळीपर्यंत वाडीत कुणी जाळं टाकायचं न्हाय," रतन मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत म्हणाला.

धाकटा सदा उसळला. "आपन न्हाय टाकनार, दादा. आन ती भायेरची जहाजं? रातभर दिवे पेटवून उभी असतात, त्यांना कोण सांगनार?"

"त्यांच्यासाठी पन कायदा व्हतोय. सगळे देश मिळून करतायत."

हे त्याला प्रणालीनं सांगितलं होतं. समुद्रावर काम करणाऱ्या एका संस्थेची ही मुलगी अलिबागहून यायची, ओट्यावर बसून रतनच्या बायकोच्या, केसरच्या हातचा चहा प्यायची आणि समजावून सांगायची. सुरमईला हद्द कळत नाही. आज इथे दिसणारा मासा उद्या दुसऱ्या देशाच्या पाण्यात असतो. म्हणून महासागराच्या काठचे देश दरवर्षी एकत्र बसतात आणि कुणी किती मासे धरायचे ते ठरवायला बघतात. "आपण आधी करून दाखवलं ना रतनकाका, तर आपल्याला तिथं बोलायला तोंड राहील," ती म्हणाली होती.

गाव कुरकुरत कबूल झालं. सोपं नव्हतं ते. सदानं बोट किनाऱ्याला ओढली आणि न्हावा शेव्याला कंटेनर बांधायच्या कामावर गेला. नीराबाईचे मासळी सुकवायचे बांबू रिकामेच राहिले. म्हातारी त्यांच्याखाली बसून दुसऱ्यांच्या जाळ्यांना टाके घालायची. एक-दोन वेळा शेजारच्या गावातल्या बोटी वाडीकडे वळल्या तेव्हा रतननं आपली बोट आडवी घातली, हात जोडले, शिव्या खाल्ल्या. तीन हंगाम वाडी बंद राहिली.

मग त्याला बोलावणं आलं. महासागरातल्या एका बेटावर देशांची बैठक होती आणि मच्छीमारांतर्फे रतन तांडेलानं बोलावं असं ठरलं होतं. केसरनं त्याचा लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. निघायच्या दिवशी बायका वेशीपर्यंत आल्या. नीराबाईनं त्याचा हात धरला. "त्यांना सांग, आमी शब्द पाळलाय. आता तुमी पाळा."

बैठकीचं दालन बर्फाच्या कारखान्यासारखं गार होतं. प्रत्येकापुढे आपापल्या देशाची पाटी. रतन मराठीत बोलला, प्रणालीनं इंग्रजीत सांगितलं. वाडी कशी आहे, पिल्लं कशी येतात, गावानं जाळी घरात कशी ठेवली, ते तो सांगत गेला. शेवटी म्हणाला, "आमाला कुणी सक्ती केली न्हवती. पोटाला चिमटा काढून आमी थांबलो. पन आमच्या एकट्याच्यानं मासा वाचनार न्हाय. तुमी कायदा करा."

टाळ्या वाजल्या. एक गोरी बाई डोळे पुसत होती. रतनला वाटलं, झालं काम.

दुपारी चर्चा सुरू झाली. सगळे हो म्हणाले तरच ठराव व्हायचा, एक जरी नाही म्हणाला तरी तो पडायचा. एका देशाचा माणूस बोलायला उठला. गोड बोलत होता आणि बोलता बोलता रतनकडे हात करत होता. रतननं हसून मान हलवली. मग त्याचं लक्ष प्रणालीकडे गेलं. तिनं भाषांतर थांबवलं होतं.

"काय म्हनतोय तो, बाय?"

"काही नाही काका. मग सांगते."

"माझं नाव घेतलं त्यानं. सांग."

प्रणालीचा आवाज खाली गेला. "तो म्हणतोय, या भारतीय मच्छीमारानं आपले डोळे उघडले. सक्ती नसताना गरीब लोक एवढं करू शकतात. मग कायद्याची सक्ती हवी कशाला? ज्याला जमेल त्यानं आपणहून करावं."

"पन मी तसं न्हाय म्हनलो."

"नाही म्हणालात, काका."

"मग उठून सांग ना! मी कायदा करा म्हनलो!"

प्रणालीनं हात वर केला. बराच वेळ वर ठेवला. अध्यक्षांनी सांगितलं, तुम्ही निरीक्षक; निरीक्षकांची वेळ सकाळी संपली. त्या माणसामागून आणखी दोन देश तसंच बोलले, दोघांनीही रतनचे आभार मानले. संध्याकाळपर्यंत ठरावातलं 'बंधनकारक' जाऊन तिथं 'शक्य असेल तेथे' आलं. मर्यादेचे आकडे पुढच्या वर्षावर गेले. चहाच्या वेळी तोच माणूस रतनपाशी आला, दोन्ही हातांनी हात दाबून काहीतरी बोलला. रतननं हात काढूनही घेतला नाही. काढून घ्यायला हवा होता हे त्याला उशिरा सुचलं.

परतीच्या वाटेत प्रणाली रडली. त्याला रडूही आलं नाही.

गाव सोसायटीत जमलं होतं, सदाही न्हावा शेव्याहून आला होता. रो-रो बोटीनं खाडी ओलांडून येताना त्यानं बरंच काही जुळवलं होतं, पुढच्या वर्षी होईल, धीर धरा, असं. समोर नीराबाई बसलेली दिसली आणि तो घडलं तसं सांगून मोकळा झाला. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी ओरडलं असतं तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

सदा उठला. दादावर राग काढावा असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "उद्या भरतीला मी वाडीवर जानार. ज्याला यायचं त्यानं यावं."

"सदा, निदान या दिवाळीपरेंत—"

"कुनासाठी, दादा? आपन सोडलेला मासा भायेर गेला की तीच जहाजं धरनार. आपन काय त्यांच्यासाठी राखन करतोय?"

 सगळे उठून गेल्यावरही रतन तिथेच बसला होता. केसर बोलवायला आली. "तुमी नका जाऊ उद्या," ती म्हणाली.

पण तो गेला. सदाच्या बोटीला वाट काढणारा तांडेल नव्हता आणि वाडीचे खडक रतनइतके कुणाला ठाऊक नव्हते. तो नसता गेला तर जाळी खडकात अडकून फाटली असती, पोरं पाण्यात उतरली असती. निदान त्यानं स्वतःला असंच सांगितलं.

जाळं ओढायला घेतलं तेव्हा ते वर येईना. खडकात अडकलं म्हणून रतन वाकून बघायला गेला. अडकलं नव्हतं. भरलं होतं. पिल्लंच पिल्लं. वीतभर लांबीची, चांदीसारखी, एकमेकांत घुसलेली. दुसऱ्या बोटींवरूनही आरोळ्या येऊ लागल्या. एवढी सुरमई रतननं वडिलांबरोबर बोटीवर जायच्या दिवसांतही पाहिली नव्हती.

खलाशी खुशीत होते. सदाचे हात मात्र थांबले. तो भावाकडे बघत राहिला.

"दादा... वाडी भरली व्हती रं."

"व्हय," रतन म्हणाला. "ओढ."

आठवडाभर हेच चाललं. बातमी लागली तशा लांबलांबच्या बोटी आल्या. आता त्यांना कुणी आडवं जाणार नव्हतं. एवढी लहान मासळी बाजारात कोण घेणार? बहुतेक सगळी कोंबड्यांच्या खाद्यासाठी ट्रकात गेली. नीराबाईचे बांबू भरले. ती त्यांच्याकडे पाठ करून बसली. मग एका सकाळी जाळी हलकी आली, दुसऱ्या दिवशी नुसतं शेवाळ आलं, आणि बोटी दुसरीकडे वळल्या.

शेवटची टोपली उतरवत असताना प्रणालीचा फोन आला. तिचा आवाज पुष्कळ दिवसांनी हलका होता. पुढच्या बैठकीत रेवदंड्याच्या वाडीवरच बोलायचं ठरलं होतं, दोन देश पाठीशी उभे राहायला तयार होते. "काका, आपल्याला फोटो लागतील. वाडी बंदच आहे ना?"

रतननं फोन कानाला धरला आणि ओल्या वाळूत उभा राहिला. सदा टोपली घेऊन त्याच्यासाठी खोळंबला होता.

"आमचं नाव कापून टाक, बाय," तो म्हणाला. "तितं आता काय न्हाय."

ती काका, काका म्हणत राहिली. त्यानं फोन खिशात घातला आणि टोपलीची दुसरी बाजू धरली.