‘मी परत’च्या आधीची जागा

स्क्रू खाली पडला नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं — पडला असता तर फरशीवर टिक् असा आवाज आला असता, आणि आवाजाच्या बाबतीत तिचे कान आजवर चुकले नव्हते — म्हणजे तो इथेच, टेबलावरच्या या हिरव्या कापडाच्या कुठल्यातरी सुतात अडकून बसला होता. मोहरीहून लहान, चष्म्याच्या काडीचा, काळ्या डोक्याचा. तिनं भिंग डोळ्याला लावलं आणि बोटाचं टोक कापडावरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. डाव्या कानात इयरफोन होता. उजवा कान मालकांसाठी मोकळा ठेवलेला, कारण ते पुढच्या काउंटरवरून हाक मारत आणि दुसरी हाक मारावी लागली की त्यांचं तोंड दिवसभर वाकडं राहत असे. डाव्या कानात ऑपरेटरबाई गात होती, सकाळपासून सहाव्यांदा.

तिला अशी वेडं लागायची, लोकांना पडसं होतं तशी. मागच्या वर्षी त्या पोलिसांच्या मालिकेचं सुरुवातीचं संगीत तिनं तीन महिने फोनच्या रिंगटोनला ठेवलं होतं. त्याआधी गाण्याच्या स्पर्धेतल्या एका पडेल चेहऱ्याच्या गायकाला तिनं घरातल्या तिन्ही फोनवरून मतं दिली होती, आणि तो चौथा आला तेव्हा दोन दिवस धड जेवली नव्हती. पण ती वेडं आली तशी गेली. हे नाटक गेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या एका बाईचं संगीत नाटक — एकवीस प्रयोग पाहिले होते तिनं, चव्वेचाळीस वर्षांच्या, चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईनं. नटीचं खरं नाव सगळ्या जगाला ठाऊक होतं, पण ती मनात तिला ऑपरेटरबाईच म्हणायची. पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे तिसऱ्या प्रयोगापासून. तेव्हा नाटकाला कुत्रं विचारत नव्हतं. तेरा-चौदा माणसं असतील; ती दुसऱ्या रांगेत एकटी. शेवटच्या गाण्यात ऑपरेटरबाई कानाला हेडफोन लावून, हातात तुटकी वायर धरून म्हणते, ‘तार तुटली तरी ऐकशील ना, मी परत बोलेन’ — सरळ एका दमात म्हणायची तेव्हा, पहिल्या दोन प्रयोगांत तसंच होतं, हिनं स्वतः ऐकलं होतं — आणि त्या दिवशी ‘ऐकशील ना’ संपल्या संपल्या दुसऱ्या रांगेत हिच्या तोंडून निघून गेलं, ‘हो.’ मोठ्यानं. तिला कळायच्या आत. आणि ऑपरेटरबाई थांबली. अंधारात तिच्या दिशेनं बघितलं तिनं, श्वास धरून, एक... दोन... आणि मग ‘मी परत बोलेन.’ पुढच्या प्रयोगाला ती थांबायची जागा होती. त्याच्या पुढच्यालाही. समीक्षकांनी त्या जागेवर परिच्छेद लिहिले, म्हणे संपूर्ण नाटकाचं मर्म त्या शांततेत आहे. त्या शांततेत काय आहे हे एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस दर प्रयोगाला तिथे ओठ न हलवता ‘हो’ म्हणत असे.

मग तो पंधरा सेकंदांचा तुकडा फोनाफोनांतून फिरला. नेमका त्या जागेचा. लोकांनी त्यावर स्वतःची रडकी तोंडं लावली, कुणी मांजर लावलं, त्या थांबण्यात मांजर वळून बघतं. तिकिटं मिळेनाशी झाली. परवा एक कॉलेजची पोरगी चष्मा घट्ट करायला आली आणि आरशात बघत तेच गुणगुणली, जागा चुकीची घेऊन, ‘ना’च्या आधी — आणि हिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर असा काही फिरला की काडी वाकली. ‘तुम्हाला आवडतं का हे नाटक?’ पोरीनं विचारलं. ‘पाहिलंय,’ ती म्हणाली. नाटक गाजावं म्हणून तिनंच ओळखीपाळखीच्या लोकांचे पाय धरले होते, आणि आता ते गाजत होतं म्हणून तिचा जळफळाट होत होता. हे तिला कळत नव्हतं असं नाही.

स्क्रू सापडला. तिनं तो चिमट्यात धरला, इतक्यात उजव्या कानात मालक ओरडले, ‘तुमची धाकटी आलीय हो!’

धाकटी म्हणजे सख्खी बहीण, इस्पितळात व्हॉइस थेरपिस्ट होती: ज्यांचे आवाज बसतात, चिरतात, त्यांना नीट श्वास घ्यायला शिकवायची. डबा घेऊन ती अशी अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत यायची. स्टुलावर बसायची आणि सगळ्या वस्तूंना हात लावायची. लहानपणीही तेच. मोठीनं रेडिओवरून, कान लावलावून गाणं उतरवून घ्यायचं, आणि पाहुणे आले की धाकटीनं ते म्हणून दाखवायचं. आई कौतुकानं सांगायची, मोठीला कान दिलाय, धाकटीला गळा. पाहुणे गळ्याला टाळ्या वाजवायचे.

‘ताई, एक विचारायचं होतं,’ धाकटी डबा उघडत म्हणाली. ‘पण कुठे बोलू नकोस. पेशंटचं मी घरीसुद्धा बोलत नाही, पण तिनंच विचारायला सांगितलंय. तुझी ती नटी — दोन महिने झाले, माझ्याकडे येते.’

दोन महिने. म्हणजे आठ-नऊ वेळा. धाकटीनं त्या गळ्याला बोटं लावली होती — थेरपिस्ट तसंच करतात, गळ्याला बोटं लावून सूर काढायला सांगतात — आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्यासमोर बसून भाजी निवडली होती.

‘बरं,’ ती म्हणाली.

‘शेवटच्या गाण्यात ती मधेच थांबते बघ, ‘ऐकशील ना’नंतर? तिथे श्वास दाबून धरते. रोज धरून धरून गळ्यात गाठ यायला लागलीय, प्रयोगानंतर गिळतानाही दुखतं. आत्ता सवय मोडली तर बरं, नाहीतर ऑपरेशन, आणि मग आवाज कसा राहील कोण सांगणार. ती जागा काढायलाच हवी.’

‘लोकांना ती जागा आवडते.’

‘तेच तिचं म्हणणं! लोक त्याच्यासाठीच येतात, म्हणते. मी म्हटलं, अहो, माझ्या ताईनं एकवीस वेळा पाहिलंय तुमचं नाटक. तर हसायलाच लागली.’

‘हसली?’

‘अगं, चांगल्या अर्थानं. म्हणाली, मग त्यांनाच विचारा. त्या म्हणाल्या काढा, तर काढते. खरंच म्हणाली. त्या म्हणतील तसं.’

चिमट्यातला स्क्रू तिनं काडीच्या भोकात बसवला, दोन आटे फिरवले. ‘आणि ती जागा आली कुठून, काही बोलली का?’

‘विचारलं ना मी. सुरुवातीला नव्हतीच म्हणे. एका प्रयोगात नेमकं तिथे कुणीतरी खोकलं, म्हणून थांबली. बरं वाटलं, ठेवली.’

धाकटीनं तिच्या डब्यात स्वतःची भाजी वाढली. ती जेवली. सगळं जेवली. मी खोकले नव्हते, असं म्हणता आलं असतं... पण मग ‘हो’ म्हटलं होतं हे सांगावं लागलं असतं, आणि धाकटी हसली असती, चांगल्या अर्थानं, आणि पुढच्या भेटीत तिकडे सांगितलं असतं, आणि तिकडेही हसले असते. खोकला! दीड वर्षं तिनं जपलं होतं ते तिकडे खोकला म्हणून जमा होतं. आणि तरीही — हे तिला घास गिळताना कळलं — जागा तिचीच होती. ती प्रेक्षकांतल्या एका आवाजामुळे थांबली, याची आता तर साक्षही मिळाली होती.

धाकटी गेल्यावर तिनं काच घासायचं यंत्र सुरू केलं आणि त्याच्या आवाजाआड ती ओळ म्हणून पाहिली. न थांबता. ‘ऐकशील ना मी परत बोलेन.’ बेसूरच, तिचा गळा तो — पण सरळ गेली. सहज गेली. वाईट लागेल अशी तिची खात्री होती. वाईट लागली नाही कानाला. उलट त्यात एक घाई होती, ऐकणाऱ्याच्या उत्तराची वाट न बघणारी, आणि तीही खरी वाटत होती. तिचा कान खोटं बोलत नसे. तिनं यंत्र बंद केलं नाही, काच हवी होती त्यापेक्षा जास्त घासली गेली, आणि ती टाकून दुसरी घ्यावी लागली.

पाच वाजता फोन आला. ‘ताई, तिनं मेसेज केलाय. आज-उद्या दोन-दोन प्रयोग आहेत. काय म्हणाल्या तुमच्या ताई, असं विचारतेय. काय सांगू?’

‘विचार करून सांगते म्हणावं.’

‘त्यात विचार काय करायचाय? एका शब्दाचं काम. तिचा गळा —’

‘म्हटलं ना, विचार करून सांगते.’

फोन ठेवून ती तशीच बसली. कुठेतरी आरशासमोर ऑपरेटरबाई चेहऱ्याला रंग लावत असेल, फोन जवळ उपडा ठेवून, मधूनमधून उलटा करून बघत असेल. धाकटीची नव्हे, हिची वाट बघत. एकवीस प्रयोगांत हे कधी झालं नव्हतं. आज ती तिथे थांबेल, श्वास दाबून, दोनदा, उद्या दोनदा. दुखेल. किती आणि कुठे दुखतं, ते धाकटीनं नीट समजावून सांगितलं होतं. दुखू दे, असं तिच्या मनात आलं, अगदी स्पष्ट, कुणीतरी शेजारी बसून म्हणावं तसं. आता लाज वाटेल, म्हणून ती थोडा वेळ थांबली. लाज वाटली नाही. उद्या सांगू, तिनं ठरवलं, नाहीतर सोमवारी.