ओळीखालची पट्टी

“नुसतं वाचायचं तर असतं. त्याला कसला आलाय धंदा?”

मित्रांनो, हे वाक्य माझ्या अंगावर कोपर टेकून पुटपुटलं गेलं. पुटपुटणारे गृहस्थ म्हणजे आमच्या बाईंचे मोठे दीर. समोर त्यांच्याच आत्मचरित्राचा गठ्ठा होता आणि तो तपासून घ्यायला ते याच धंद्याच्या दारात आले होते. अशा माणसांचा मला राग येत नाही. राग यायलासुद्धा समोरचा थोडा उंच असावा लागतो.

मी एक लाकडी पट्टी आहे. माझ्यावरचे आकडे बोटांनी पुसून गेले आहेत, त्यावरून वय ओळखा. सुताराने मला तासलं, कडेला पितळेची पात बसवली आणि मी एका छापखान्यात मुद्रितशोधकांच्या खोलीत रुजू झाले. काम साधं होतं. छापून आलेल्या कच्च्या पानावर मला ओळीखाली धरायचं, म्हणजे खालचं सगळं झाकतं आणि डोळा पुढे पळत नाही. एक ओळ तपासून झाली की मी खाली सरकायचं. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसरीने छापील पान बघायचं. ‘मी एकटा पडलो, स्वल्पविराम, खूप रडलो, पूर्णविराम’ असं ऐकून पाहुणे हसायचे. हसू देत. त्यांच्या लग्नपत्रिका आम्हीच सुधारून देत होतो.

माझं तेव्हा कौतुक होतं. त्याच खोलीत मुद्रितं तपासणाऱ्या आमच्या बाई माझी कड रोज पदराने पुसायच्या. पुढे मालकाने आमची खोलीच बंद केली. म्हणाला, “आता यंत्र काढतं चुका.” त्याच्या पुढच्याच कॅलेंडरात फेब्रुवारी दोनदा आला आणि मार्च कुठे गेला ते यंत्रालाही सांगता आलं नाही.

बाई मला पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं. दारावर पाटी लागली, ‘संपादन व मुद्रितशोधन’. शेजारीण विचारून गेली, “कसलं शोधन? काही हरवलंय का?” कामं मात्र येईनात. यायचे ते ‘जरा नजर टाका’ म्हणणारे. नजर म्हणजे काय मीठ आहे, जरा टाकायला?

त्या रिकाम्या दिवसांत बाईंच्या नवऱ्याने माझा उपयोग पाठ खाजवायला केला. मित्रांनो, तुमच्या दप्तरात माझी भावंडं असतील. त्यांच्याशी तलवारबाजी करू नका, त्यांची टोकं चावू नका, आणि पाठ खाजवायची असेल तर भिंत आहे. एवढी दया करा.

मग हे आत्मचरित्र आलं. दीर निवृत्त अधिकाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष. “माझं नीट कर, मग सगळ्यांची पुस्तकं तुझ्याकडेच पाठवतो,” असं त्यांनी बाईंना सांगितलं होतं. निवृत्त अधिकाऱ्यांना आत्मचरित्र होतंच, सर्दीसारखं. तेव्हा बाईंचा धंदा या एका पुस्तकावर उभा राहायचा होता. नाहीतर चुलतभावाच्या दुकानात काउंटरवर बसायचं ठरलं होतं.

अडचण एकच होती. टायपिस्टाने अंदाजाने छापलेली पानं मुळाशी ताडायची होती, आणि दिरांचं अक्षर जगात एकाच माणसाला नीट लागायचं, त्यांच्या बायकोला. म्हणून जाऊबाई रोज दुपारी येऊन मूळ कागद वाचू लागल्या आणि बाई मला छापील ओळीखाली धरू लागल्या.

काय ते पुस्तक! स्कूटरला दीड पान. ती कुठे बंद पडली, कोणी ढकलली, सगळं. साहेबांच्या कुत्र्याला एक परिच्छेद. ‘मुलं मोठी झाली, स्वल्पविराम, शिकली, स्वल्पविराम, मार्गी लागली, पूर्णविराम.’ जशी काही कुंडीत उगवली होती. आजारपणातून तर गृहस्थ ‘केवळ स्वतःच्या जिद्दीने’ उठले. जाऊबाई सगळं एकाच सुरात वाचायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा वाचायच्या.

बाईंना दिसत होतं. त्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहायच्या आणि खोडायच्या. खोडरबराचे कण माझ्याच कडेने झटकायच्या. नवरा म्हणाला, “आपल्याला काय करायचंय? काना-मात्रा बघ आणि सोड.” बाई काना-मात्रा बघू लागल्या. त्या दिवशी मला बाईंचाही थोडा तिटकारा आला.

शेवटच्या दुपारी दीर स्वतः येऊन बसले. ऋणनिर्देश चालला होता. साहेबांचे आभार झाले, ड्रायव्हरचे झाले, डॉक्टरांचे झाले. जाऊबाई त्याच सुरात पुढे वाचत गेल्या, “आजारात जिने मला हाताने भरवलं, स्वल्पविराम, जिने माझी आई शेवटपर्यंत सांभाळली, स्वल्पविराम, तिचा मी ऋणी आहे, पूर्णविराम.”

बाईंनी मला खाली सरकवलं. कोरा कागद. वर नेलं. डॉक्टर. पुन्हा खाली.

“जाऊबाई, ही ओळ सापडत नाहीये.”

“हे काय मध्येच?” दीर खुर्चीत सरळ झाले. “मी कुठे लिहिलंय असं? काहीही वाचतेस. तूच सांग गं हिला, पान तुझ्यासमोर आहे.”

जाऊबाईंनी चष्मा काढून कागदांवर ठेवला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाईंचा नवरा दारातच थबकला. बाईंचा हात माझ्यावर होता. संघटनेतली सगळी पुस्तकं त्या हाताखालून निसटत होती, हे मला लाकडाला कळत होतं.

त्यांनी मला कोऱ्या जागेखाली घट्ट धरलं.

“ओळ गळलीय, भाऊजी,” बाई म्हणाल्या. “पहिल्या पानापासून गळलीय. सबंध पुस्तकात जाऊबाई कुठेच नाहीत.”