एक्स्चेंजकाकूंचा पासवर्ड

“आई, मोठ्यानं म्हणू नकोस, नुसतं टाइप कर,” लेक म्हणाली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक्स्चेंजकाकूंनी नवाकोरा मुख्य पासवर्ड खणखणीत आवाजात म्हणून टाकला होता आणि खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मशीन थांबवून “काय म्हणालात?” असं विचारलंही होतं.

काकूंचा तरी काय दोष? सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. समोरच्यानं नंबर सांगितला की तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि मगच जोडायचा. जित्याची खोड, ती थोडीच जाते!

त्या नोकरीमुळेच घरादाराचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ होते. नवऱ्याची बँक, दिराचा ईमेल, जावयाचं विजेचं बिल. जो अडला त्यानं काकूंना फोन करायचा. पण मागच्या महिन्यात त्यांनी लेकीला चुकीचा पासवर्ड सांगितला, तोही पुन्हा पुन्हा, अगदी ठामपणे. लेकीचं खातं बंद पडलं. ती एका शब्दानं बोलली नाही आणि तेच काकूंना लागलं. आज रजा काढून ती पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड एका मुख्य पासवर्डाआड सांभाळणारं अ‍ॅप, निवडायला आली होती.

निवड तशी सकाळीच झाली होती.

“हा फुकट आहे. हा पैसे घेतो, पण घरातल्या सगळ्यांना चालतो. प्रत्येकाचा कप्पा वेगळा,” लेकीनं दाखवलं होतं.

“आणि कंपनीवाल्यांना आतलं दिसतं?”

“नाही. पण मुख्य पासवर्ड विसरलीस, तर तेसुद्धा उघडून देणार नाहीत.”

“मग हाच घे. आम्हाला लाइनवरचं सगळं ऐकू यायचं, तरी पोटात ठेवायचो. ह्या कंपनीवाल्यांना ऐकूच येत नाही म्हणजे बरंच.”

“चला,” आतून नवरा म्हणाला, “तुझं एक्स्चेंज बंद झालं म्हणायचं.”

काकू हसल्या. पण आता आपल्याला फोन कोण करणार, हा विचार काही त्यांच्या मनातून जाईना.

शिंपीणबाईंच्या कानी गेलेला पासवर्ड बदलणं भागच होतं. या खेपेला काकूंनी ओठ घट्ट मिटून टाइप केलं. नवरा कान टवकारून बसला होता, त्याच्या हाती काही लागलं नाही.

पुढे घर खरंच शांत झालं. नवऱ्यानं आपलं आपण बिल भरलं आणि दिवसभर त्याच तोऱ्यात वावरला. काकूंचा फोन मात्र टेबलावर गप्प पडून राहायचा. एका दुपारी तो वाजला. दिराचा होता.

“बोला भाऊजी. कशाचा हवाय?”

“कशाचाच नको, वहिनी. सगळं आहे त्या अ‍ॅपमध्ये. सहज केला. बरेच दिवस झाले, तुमचा आवाज नाही ऐकला.”

जन्मभर काकूंनी लोकांचे फोन जोडून दिले होते, पण त्या बोलण्यात स्वतःचा एक शब्दही घातला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि नीट टेकून बसल्या.

“बोला,” त्या म्हणाल्या, “मी आहे लाइनवर.”