सात वर्षांचा करार

खुशालरावांनी सरकारी कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्यांचा मुलगा पुंजाराम शेजारीच उभा होता. त्याला वाटलं, आता आपल्यालाही कोणी विचारील. कोणी विचारलं नाही.

त्याचं झालं असं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. परतवाड्याच्या पलीकडे, मेळघाटाच्या पायथ्याशी खुशालरावांची चांगली काळी जमीन होती. तीन हंगामांत घरावर कौलं चढली, गोठ्यात दोन जोड्या वाढल्या. त्याच सुमारास गावात मोजणी आली, आणि मोजणीच्या कारकुनानं नदीकाठचं एक वावर चुकून शेजाऱ्याच्या नावावर लिहिलं. तो कागद खुशालरावांना दाखवलाही होता. त्यांनी मान डोलावून परत दिला. घरात वाचणारं होतं कोण? ते वावर परत नावावर चढवायला दीड वर्ष कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. चपराशी अंगावर खेकसायचे, आणि चार माणसांत मान असलेला हा माणूस हात जोडून उभा राहायचा. अमरावतीला मास्तर तयार करायचा वर्ग निघालाय हे कानावर येताच त्यांनी एकुलत्या एक मुलाला बैलगाडीत बसवलं.

पुंजाराम वीस वर्षांचा, लग्न झालेला, औताच्या मागे वाढलेला गडी. लहानपणी गावच्या पंतोजींकडे धुळाक्षरं गिरवली होती, तेवढंच भांडवल. करार असा होता की दोन वर्षं शिकायचं आणि मग पाच वर्षं सरकार धाडील त्या गावी शिकवायचं. मधेच सोडून गेला, तर जामीनदाराला कचेरीत उभं करणार. जामीनदार खुद्द खुशालराव.

अमरावतीत तेव्हा माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लोगल्ली कापसाच्या गाड्या अडकून पडलेल्या, ठिकठिकाणचे व्यापारी उतरलेले, आणि हवेत सतत रुई तरंगायची. ती अंथरुणावर बसे, पाण्याच्या घागरीत पडे, भाकरीला चिकटे. मोठ्या मुश्किलीनं पार्बताबाईच्या घरी जागा मिळाली. ही पन्नाशीची विधवा गाडीवाल्यांना जेवण रांधून घालायची. तिच्या गोठ्याला लागून एक कुडाची खोली होती, दोन पावलं टाकली की भिंत यायची.

"जेवाले मी घालीन," ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "पन सकाळची भाकर तुह्या हातानं करजो. गाडीवाल्यांचं आटपता आटपता मले दुपार होते."

पुंजारामानं जन्मात पीठ मळलं नव्हतं. पहिले आठ दिवस त्यानं जळक्या कडांची, मधून कच्ची ज्वारीची भाकर खाल्ली. नवव्या दिवशी पार्बताबाईनं त्याला बाजूला सारलं आणि काही न बोलता तीन भाकरी थापून दाखवल्या. चौथी त्याच्याकडून करवून घेतली.

सगळ्यात अवघड होती ती पहाट. घरच्या सवयीनं त्याला चांदण्या असतानाच जाग यायची आणि उठून करायला काहीच नसायचं. अंग नुसतं आंबून जाई. मग तो गाडीवाल्यांच्या बैलांना वैरण टाकी, शेण ओढी, त्यांच्या पाठी खरारी. वर्गात गेल्यावर शेजारची मुलं नाकाला उपरणं लावत.

वर्गात बारा जण होते. अकरा देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरचे, आणि हा एकटा कुणबी. तो दाराजवळ बसे, आपला तांब्या आपल्याजवळ ठेवी. शिकवणारे हरिहरपंत पुण्याकडचे, तिशीचे, सडसडीत, फार टापटिपीचे. त्यांना वऱ्हाडी बोली कानाला खपत नसे.

पहिल्याच आठवड्यात पुंजाराम उभा राहून म्हणाला, "मले हा हिशोब समजला नाई जी."

"मले नव्हे, मला. नाई नव्हे, नाही. पुन्हा."

"मला हा हिशोब... समजला नाही."

"आणि जी कशाला हवं शेवटी?"

वर्ग हसला. पुंजाराम खाली बसला आणि त्या दिवसापासून त्यानं बोलणंच आवरतं घेतलं. उत्तर येत असलं तरी मान खाली. वाक्य तोंडाशी आलं की आधी मनात उलटं-सुलटं तपासायचं, आणि तेवढ्यात दुसरा कोणी बोलून जायचा. चार-चार दिवस त्याचा आवाज फक्त बैलांनी ऐकलेला असे. पाटीवरचं अक्षर मात्र सुधारत गेलं. हिशोबात तो पहिल्या तिघांत आला. ते कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

मार्गशीर्षात गावाकडच्या गाड्या कापूस घेऊन आल्या. त्यांत जानराव होता, खुशालरावांचा जुना गाडीवान. त्यानं गोठ्यापाशीच हाक मारली.

"पुंजाभाऊ! पोट्टी झाली तुले. सोमवारी. शकुनवैनी बरी हाये, पन अंगात ताप हाये थोडा."

त्याच्या बायकोला, शकुनला, माय नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. पुंजाराम तसाच रजा मागायला हरिहरपंतांच्या बिऱ्हाडी गेला. ते ओसरीवर लेखण्या तासत बसले होते.

"पुढच्या बुधवारी साहेब तपासणीला येणार आहेत," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांनी आल्या आल्या हजेरीपट मागितला तर? रजा मिळायची नाही. काय काम आहे?"

"मले पोरगी झाली."

"मला," हरिहरपंत सवयीनं म्हणाले. मग त्यांचा हात थांबला. पण पुंजाराम तोवर पायऱ्या उतरला होता.

शुक्रवारी झुंजुमुंजू होताच तो निघाला. सोळा-सतरा कोसांची वाट. वावरा-वावरांतून वेचणीच्या बाया गात होत्या, आणि त्याला वाटत होतं, दावं तुटलेल्या बैलागत आपण चाललोय. दिवेलागणीला तो अंगणात उभा राहिला, पायाला फोड आलेले.

खुशालरावांना आधी आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "सुट्टी देली त्याइनं?"

"नाई."

"मंग?"

"तसाच आलो."

खुशालराव बाजेवर बसले. हा माणूस ओरडेल, वहाण उचलील, अशी पुंजारामानं मनाची तयारी ठेवली होती. पण ते हळू आवाजात बोलले. "माहा अंगठा हाये त्या कागदावर. थ्या चपराश्यांच्या पुढं पुन्हा हात जोडून उभं राह्यनं मले झेपनार नाई, पुंजा. सकाळीच वापस जाय."

भ्यालेला बाप त्यानं कधी पाहिला नव्हता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोयर असल्यानं बाळंतिणीच्या खोलीत जाता येत नव्हतं. तो दारात उभा राहिला. आत शकुन भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले.

"किती दिस राहसान?"

"सकाळी निघतो."

तिनं पोरीचा चेहरा दिव्याकडे वळवला. "पाहून घ्या नीट. तुमी येसान तवा हे चालत असन."

रविवारी तो परत अमरावतीत होता. सोमवारी वर्ग सुटल्यावर हरिहरपंतांनी त्याला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि हजेरीपट उघडला. शुक्रवार आणि शनिवार, दोन्ही दिवस त्याच्या नावापुढे हजेरी मांडलेली होती.

"मुलगी कशी आहे?"

"बरी."

"माझा मुलगा तीन वर्षांचा झाला," हरिहरपंत म्हणाले. "मी अजून त्याला पाहिलेला नाही. जाण्यायेण्यात महिना मोडतो आणि रजा मिळते पंधरा दिवसांची." त्यांनी हजेरीपट मिटला. "हे मी खोटं मांडलं आहे, पुंजाराम. बाहेर फुटलं तर माझी नोकरी जाईल. पुन्हा जाऊ नकोस."

पुंजाराम बाहेर आला. कालपर्यंत निदान या माणसाचा मनसोक्त राग करता येत होता. तेवढा एकच विसावा होता. आता तोही गेला. आपण पळालो तर गावी बा आणि इथे पंत, दोघंही गोत्यात. पार्बताबाईनं ताट वाढलं तेव्हा तो तसाच बसून राहिला.

"जेव," ती म्हणाली. "बारा वर्साची होती मी, अकोल्याच्या खालून इथं लगीन करून आली तवा. माहेरचं कोनी उरलं नाई. अजूनबी सपनात थेच गाव दिसते. पन सपनानं पोट भरत नाई, बावा. जेव."

त्यानंतर तो बोलायला लागला, पण पंतांच्या भाषेत. 'मला' म्हणायला जीभ वळली, 'आहे' जमलं. वैशाखाच्या सुट्टीत घरी गेला तेव्हा सहज म्हणून गेला, "आई, मला पाणी दे." माय हातातलं काम टाकून बघत राहिली. "कोन्या मुलखातला पाव्हना आला रे हा?" सगळे हसले. शकुन हसली नाही. पोरगी त्याला पाहून भोकाड पसरून रडली आणि त्यानं उचललं तेव्हा अंग ताठ करून मागे रेलली.

दोन वर्षं सरली. परीक्षेत तो तिसरा आला. परतवाड्याकडची एखादी शाळा मिळेल या आशेवर त्यानं दिवस काढले होते. हुकूम आला अकोल्याच्या खालचा, खारपाणपट्ट्यातल्या एका गावाचा. हरिहरपंतांनी तो दोनदा वाचला, अर्ज लिहून देतो म्हणाले, लिहूनही दिला. उत्तर आलं नाही.

"पानी खारं हाये तिकडं," पार्बताबाईनं निघताना बजावलं. "विहिरीचं पानी प्याचं नाई. नदीत झिरा खंदतात, थ्याचं पानी प्याचं."

शाळा चावडीच्या पडवीत भरायची, तेरा पोरं. महिन्याभरानं जानरावानं शकुनला आणि पोरीला गाडीनं आणून सोडलं. चौफेर सपाट काळं रान, डोंगराचं कुठं नाव नाही. शकुननं गाडीतून उतरून चारी दिशांना पाहिलं.

"किती दिस राहाचं अठी?"

पुंजारामानं तिला आजवर सांगितलं नव्हतं; वर्षभराचा प्रश्न आहे, असं तिला वाटू दिलं होतं. "पाच वर्सं," तो म्हणाला.

ती काही बोलली नाही. बोचकं उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशीही बोलली नाही, तिसऱ्याही नाही. चूल पेटे, भाकर होई, पोरीला ती मांडीवर घेऊन दारात बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडे बघून मान वळवून घेई. ते गप्प राहणं पुंजाराम चांगलं ओळखून होता. चूक आपली, एवढं कळत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पोरं बाराखडी म्हणत होती. गावचे पाटील नवा मास्तर कसा शिकवतो ते बघायला पडवीत येऊन बसले होते. तेवढ्यात नदीकडून बायांचा कालवा ऐकू आला.

"माही बारी होती! मी काय सकाळपासून झिऱ्यावर उगीच बसून राह्यली का?"

आवाज शकुनचा होता, चांगला खणखणीत. पलीकडून कोणीतरी तेवढ्याच जोरात काहीतरी म्हणालं. शकुननं त्याला दुप्पट उत्तर दिलं.

पाटलांनी भुवया वर केल्या. "कोनाची बाई हो थे, मास्तर?"

"माही," पुंजाराम म्हणाला.

पोरं गप्प होऊन नदीकडे कान लावून बसली होती. त्याला उठून जावंसं वाटत होतं, पण पाटील समोर होते आणि शाळा सुटायला अजून दोन घटका होत्या. तो पाटी हातात धरून उभा राहिला आणि भांडणात कोणाची सरशी होतेय ते ऐकत राहिला.