स्नेहाच्या नावाचं फोल्डर

मित्रांनो, माझ्या कळांवरची अर्धी अक्षरं पुसली गेली आहेत, पंखा घरघरतो आणि पडदा भिंतीला टेकवला तरच उभा राहतो. असा मी एक जुना लॅपटॉप आहे. सुरतेत गोडादरा नावाच्या वस्तीतल्या एका खोलीत माझा मुक्काम असतो. पोटात ठेवलेलं जपायचं, एवढीच मला अक्कल. ती कशी मातीत गेली ते ऐका.

माझे मालक शालिग्रामभाऊ बुलढाण्याकडचे. साडीवरचं भरतकाम यंत्राला कळेल अशा टाक्यांत मांडायचं, हे त्यांचं काम. माझ्यावर काढलेलं डिझाईन पेन ड्राइव्हमधून कारखान्यात जायचं आणि यंत्रं खडखडत साड्या भरायची. कारखान्याचे शेठ खूश झाले की भाऊ माझ्या पाठीवर थाप मारत. तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

मग त्यांची लेक स्नेहा एम.एस्सी.ला गेली आणि म्हातारपणी मला नवी विद्या शिकावी लागली. रंगाच्या मिलचं पाणी खाडीत जातं. तो रंग खाणारा एक जिवाणू तिच्या मॅडमना सापडला होता. त्याच्या डीएनएचे लाखो तुकडे माझ्यात भरायचे आणि एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवत अख्खी माळ ओवायची. मॅडमचा पहिला धडा तिनं मोठ्यानं पाठ केला होता: मूळ फाईलला हात लावायचा नाही, आधी प्रत काढायची.

पण माझ्यात जागा पुरेना. स्नेहाला स्वतःच्या नावाचं फोल्डर दिसलं. शाळेतलं काहीतरी असेल, असं म्हणून न उघडताच तिनं ते पुसायला घेतलं. 'कायमचं काढून टाकू?' मी विचारलं. तिनं 'हो' दाबलं. मी हुकमाचा ताबेदार. त्या जागेवर जिवाणू लिहून मोकळा झालो.

माळ जुळली. मॅडमनी शाबासकी दिली, भाऊंनी खायला गरम सुरती लोचो आणला. तेवढ्यात ललितभाई शेठचा फोन आला, "शालिग्रामभाई, पेली कोयरीवाली बॉर्डर पाछी जोईए छे." जुनी बॉर्डर त्यांना पुन्हा हवी होती. भाऊंनी मला वरखाली धुंडाळलं, चष्मा पुसून पुन्हा धुंडाळलं. ती ज्यात ठेवली होती ते 'स्नेहा' नावाचं फोल्डर कुठंच नव्हतं.

"माह्याच हातून उडालं असन," ते म्हणाले.

स्नेहाला सगळं कळलं. पुसलेलं परत आणायचे उपाय तिनं गुपचूप केले, पण तिथं आता जिवाणू बसला होता. भाऊ स्वतःलाच बोल लावत राहिले आणि ती सांगायचं पुढं ढकलत राहिली. मला तर वाचाच नाही. शेवटी एकदा ती भरल्या ताटावरून उठली.

"बाबा, म्याच पुसलं. माह्यं नाव होतं, मले वाटलं माह्यंच आहे."

भाऊंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शेठ सांगे तशा बॉर्डरी तं लय काढल्या," ते म्हणाले. "त्या तेवढ्या माह्या मनाच्या होत्या. म्हणून तुह्यं नाव देल्लं."

रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिच्या आईनं, रंजनाबाईंनी, पेटी उघडली. कारखान्यातल्या नमुन्यांच्या चिंध्या त्यांनी घरच्या शिवणात वापरल्या होत्या. एका ब्लाउजच्या बाहीवर कोयरीची अर्धी वेल होती, उशीच्या अभ्र्यावर पुढचा भाग, जुन्या पिशवीवर आणखी थोडी. स्नेहानं फोटो काढले आणि जिवाणूसारखंच शेपटाशी डोकं जुळवत बॉर्डर ओवली. भाऊंनी टाके बसवले. एक पान मात्र कुठल्याच चिंधीत सापडलं नाही.

"ठाऊक नाही ते मनानं भरायचं नाही, असं शिकवलंय," ती खाली मान घालून म्हणाली.

"ते कॉलेजात. भोकाची साडी कोण घेईन? काढ तू."

तिनं काढलेलं पान वाकडं आलं. भाऊंनी ते तसंच ठेवलं. शेठची बॉर्डर कारखान्यात गेली. फोल्डरमधल्या बाकीच्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

मित्रांनो, आम्ही यंत्रं मुकी. 'काढून टाकू?' एवढंच विचारता येतं. आत कुणाचा जीव अडकलाय ते सांगता येत नाही. म्हणून पुसण्याआधी उघडून बघा आणि दुसऱ्याच्या कष्टाचीही एक प्रत ठेवा.

भाऊंनी नवं फोल्डर केलं आणि नाव पुन्हा तेच दिलं, 'स्नेहा'. त्यात आता एकच बॉर्डर आहे. स्नेहा मला सुरू करते, तेव्हा आधी ती उघडून बघते.