टायरमधली लिंबाची बी

विश्रामने खोकं उघडलं तेव्हा आतली नवी कोरी सायकल एकदा घाट उतरून आलेली होती. टायरच्या खाचांत ओला तांबडा चिखल होता, हँडलला कारवीची पानं अडकली होती. खोक्याची चिकटपट्टी मात्र त्याने आत्ताच स्वतःच्या हाताने कापली होती.

भाल्या शेजारी उकिडवा बसून नटबोल्टचे पाने निवडत होता. दोघांची दोस्ती बालवाडीपासूनची. तीन वर्षांपूर्वी पठारावरून कारवीतली ती अरुंद वाट दिसली, तेव्हाच ठरलं होतं की पहिल्यांदा उतरायची ती दोघांनी मिळून. भाल्याची सायकल गेल्या वर्षीच आली, पण त्याने ती भिंतीला टांगून ठेवली. "तुझी येईस्तोवर माझी खुंटीला," म्हणाला. असा मित्र मिळायला नशीब लागतं, हे विश्राम ऑफिसात दहा जणांना सांगून चुकला होता.

"चिखल कसला रे हा?"

"कंपनीतनंच येतोय आता," भाल्या म्हणाला. "पूस की फडक्यानं."

विश्रामने पुसला. मग सीट कमरेच्या हाडाच्या उंचीला लावून बोल्ट आवळला. हात काढला तशी सीट सावकाश चार बोटं खाली उतरली आणि थांबली. भाल्या त्याच्यापेक्षा चार बोटंच बुटका. शाळेत उंचीच्या रांगेत तो कायम विश्रामच्या पुढे असायचा.

विश्रामने सीट पुन्हा वर घेतली आणि जोर लावून आवळली. पान्याच्या दर फेऱ्याला खोलीच्या भिंती वीतभर जवळ आल्या. कपाट सोफ्याला भिडलं. फरशी दाराकडे उतरती झाली.

"एवढं आवळू नगंस. आटे जातील."

राहिला पुढचा शॉकअप. त्याचा हिशोब सोपा असतो. आपण वर बसायचं, आपल्या वजनाने दांडा थोडा दबतो, आणि किती दबला ते दांड्यावरची रबरी रिंग वर सरकून सांगते. ही रिंग आधीच पार वरच्या टोकाला जाऊन बसली होती. विश्रामने ती खाली आणली, हेल्मेट घातलं, पाठीला सॅक लावली आणि बसला. अठ्ठ्याहत्तर किलोचा गडी, पण रिंग जागची हलली नाही. भाल्याने हँडलवर नुसता पंजा टेकवला, तर ती सर्रकन वर गेली.

"तुझं वजनच लागंना, गड्या."

तेवढ्यात विश्रामची बायको सुनंदा कुंकू आणि दोन लिंबं घेऊन आली. खोली आता इतकी अरुंद झाली होती की तिला आडवं होऊन शिरावं लागलं. चाकाखाली लिंबू ठेवायला विश्रामने उतरून मागचं चाक जरा फिरवलं, आणि खाचेत लिंबाची बी अडकलेली दिसली. त्याने ती नखाने काढली.

"ही कुठली?"

"परवाच्या लिंबाची असंल," सुनंदा म्हणाली. "परवा सायकलची पूजा नाही का केली. हे भाऊजी म्हणाले, तुम्हीच पाठवलंय त्यांना."

विश्राम भाल्याकडे वळला. वर्षभर ज्या खुंटीचं कौतुक सांगत फिरलो, तिनेच केसाने गळा कापला, असं त्याला वाटलं.

"खोक्यासकट गेलास?"

"एकदाच. वळणावर खोकं जरा अडलं."

"का रे, भाल्या?"

"बघून यावं म्हटलं. तुला कुठं लागायला नको." भाल्या पाने पुसून पिशवीत भरू लागला. "चांगली होती वाट."

"होती?"

"मग ही काय."

विश्रामने समोर पाहिलं. भिंती हँडलाएवढ्या जवळ आल्या होत्या आणि फरशीच्या सांध्यांतून कारवी वर आली होती. दारापलीकडे तांबडा उतार होता, त्यात एकाच चाकाची ओली खूण. ही वाट त्याने तीन वर्षं राखून ठेवली होती. चाकाखाली लिंबू सरकवून तो पुन्हा सायकलवर बसला आणि त्याने पाय उचलले.

चाक लिंबावरून गेलं आणि त्या खुणेत तंतोतंत बसलं. हँडल ना डावीकडे वळेना, ना उजवीकडे. दोन्ही ब्रेक दाबून त्याने मान मागे वळवली.

लिंबू अख्खंच होतं. सुनंदाने ते उचललं, पदराला पुसलं आणि भाल्यापुढे धरलं.