बिनकाट्याचा गळ

मी एक गळ बोलतोय. हसू नका. वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, अंगावर जून नावाच्या कुत्रीच्या शेपटीचे पांढरे केस, मानेला रानबदकाचं एक पीस आणि पोटातून बाहेर आलेला पोलादी आकडा, असा माझा अवतार. इकडे टेनेसीच्या डोंगरात असल्या केसाळ गळाला सगळे 'माशी' म्हणतात. मी चांगला धडधाकट पुरुष, आणि नाव काय, तर माशी! जन्मल्या जन्मल्या पहिला धक्का बसला तो हा. पुढे इतके बसले की मोजायचं सोडून दिलं.

माझा जन्म डेल्फियाबाईंच्या स्वयंपाकघरातला. एका शेगडीवर डुकराच्या हाडासोबत घेवडा शिजत होता, आणि शेजारच्या शेगडीवर जुन्या तव्यात शिसं वितळत होतं. अहो, जेवणाच्या शेजारी शिसं! मला तर साच्यात पडतानाच कापरं भरलं. बाईंना त्याचं काही नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, पण बोटं अशी की सुईत दोरा पहिल्या खेपेला जातो. कुत्रीला मांडीवर घेतलं, शेपटीचे चार केस कातरले आणि लाल दोऱ्याने माझ्या मानेवर बांधून टाकले. जून बिचारी झोपेतून उठलीसुद्धा नाही.

मग त्यांनी पक्कड उचलली.

गळाच्या टोकाच्या मागे एक उलटा काटा असतो. मासा एकदा अडकला की निसटू नये, म्हणून. गळाची सगळी इज्जत त्या काट्यात. बाईंनी पकडीने तो काटा दाबून सपाट केला. कट्ट! मी ओरडलो असेन, पण आमचं कोण ऐकतं? माझं तर नाकच कापलं. वाघाचे दात काढून त्याला जंगलात सोडावं, तशातला प्रकार.

बाईंचा धाकटा भाऊ ऑर्वल समोर बसून मक्याचा पाव ताकात कुस्करत होता. तो म्हणाला, "डेल्फी, उगाच खपतेस. काटा ठेचलास तर मासा हातचा जातो."

"तुझा जातो," बाई म्हणाल्या. "दोरी ढिली सोडली तर जातो. ताणून धरता येत असेल तर काटा कशाला लागतो? आणि सोडताना त्याचं तोंड फाटत नाही."

सोडताना? मला वाटलं, मी चुकून भलतंच ऐकलं.

नाही हो, बरोबर ऐकलं होतं. ही माणसं मासा पकडतात आणि सोडून देतात! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकं गरगरलं. पहाटे उठायचं, अंगावर कपड्यांवर कपडे चढवायचे, बोटं बधिर होईपर्यंत थंडीत उभं राहायचं. एवढ्या खटाटोपाने एक तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचा बास मासा वर आणायचा. त्याच्याकडे कौतुकाने बघायचं. ऑर्वल तर त्याच्या कपाळाचा मुका घ्यायचा. आणि मग, "जा बाबा, आईला नमस्कार सांग," म्हणत परत पाण्यात. अरे, मग आणलात कशाला? मी आणि तो मासा, दोघंही तोंड आ वासून बघत राहायचो.

हिवाळ्यात इथले बाकीचे लोक हरणाच्या शिकारीला जातात, नाहीतर घरात बसून फुटबॉल बघतात. धरणाच्या तलावावर उरतात ती असली वेडी. थंड पाण्यात बास मासा सुस्तावतो. तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये नुसता लोंबकळत असतो. पाठलाग करत नाही, झडप घालत नाही. म्हणून मला पाण्यावर तरंगणाऱ्या एका लाल-पांढऱ्या बोंडाखाली, दोन पुरुष खोल, बारीक दोरीला टांगतात. पाण्यावरचं बोंड लाटांवर हलतं, त्याने माझे केस थरथरतात, बस्स. काहीही न करणं हेच माझं काम. आळशी माशासाठी आळशी आमिष.

आणि मासा लागला की बोंड बुडत नाही. ऐकलंत? बुडत नाही. मासा खालून येतो, मला तोंडात घेऊन किंचित वर उचलतो, आणि वजन गेल्यामुळे बोंड पाण्यावर आडवं पडतं. नवखा माणूस बोंड बुडायची वाट बघत बसतो आणि मासा मला थुंकून निघून जातो. बाई म्हणायच्या, "आडवं झालं की झटका. विचार नाही करायचा. विचार करशील तोवर मासा घरी जाऊन झोपलेला असतो." त्यांचा हात तसा तयारच झाला होता. बोंड कलंडलं की डोळ्यांच्या आधी मनगट उठायचं.

गुडघ्यांमुळे बाईंनी नावेत चढणं सोडलं होतं. त्या काठाला बांधलेल्या तरंगत्या धक्क्यावर खुर्ची टाकून बसायच्या, हातात लांबलचक लवलवती काठी. ऑर्वल समोर नावेत. दोघांचं अंतर असं, की ओरडून भांडता यावं.

भांडण रोजचं आणि एकच.

"बब, जॅकेट घाल!" इकडे धाकट्या भावाला बब म्हणतात, तो सहासष्ट वर्षांचा झाला तरी. जॅकेट म्हणजे पाण्यात माणसाला तरंगवतं ते, फुगीर, नारिंगी.

"घातलंय की! बुडाखाली घातलंय!" ऑर्वल ते उशीसारखं घडी घालून त्यावर बसायचा. "लोखंडी बाक काय गार लागतो! तू बसून बघ."

"बूड नाही बुडत रे, माणूस बुडतो!"

"ते अंगात घातलं की मी कासव दिसतो. कासवाला काठी फिरवता येते का?"

इतकं झालं की बाई पुटपुटत माझ्याकडे बघायच्या, जणू माझीच चूक.

त्या जानेवारीच्या सकाळी काठाशी बर्फाची पापडी धरली होती. नावेच्या कडेवर दंव गोठलेलं. ऑर्वलने थर्मासभर कॉफी आणली होती आणि ती सगळी पिऊन टाकली होती. आता एवढी कॉफी आत गेली की ती बाहेरही यायचीच. तुम्ही समजून घ्या. इथले पुरुष अशा वेळी नावेच्या कडेशी उभे राहतात. पण समोर थोरली बहीण! ऑर्वल कितीही टवाळ असला तरी तेवढी लाज त्याला होती. तो नावेच्या पलीकडच्या कडेला गेला, पाठ फिरवली आणि पँटशी झटापट करू लागला. बाईंनीही मान वळवून डोंगराकडे बघितलं.

त्यामुळे तो पडताना कोणी पाहिलाच नाही. फक्त आवाज आला. धप्पकन. आणि मग काहीच नाही.

ते 'काहीच नाही' मला आजही ऐकू येतं. मी पाण्याखाली लटकत होतो, पाणी हललं, आणि लांबवर मला दोन बूट दिसले. बूट असे वरून, उलटे, माझ्या जगात! मला काही समजेना. बूट नावेत असतात. बूट पाण्यात कसे आले?

तो वर आला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द येईना. थंड पाण्याने श्वासच हिसकावून घेतला होता. हा-हा-हा, असा नुसता धापांचा आवाज. जाड कॅनव्हासच्या कोटात हवा कोंडली होती, तिने त्याला तरंगवत ठेवलं होतं. नाव वाऱ्यावर लांब गेली होती. आणि नावेत, बाकावर, ते नारिंगी जॅकेट कोरडं ठणठणीत बसलं होतं.

"ऑर्वल!" बाई उठल्या. खुर्ची पडली. त्यांनी धक्क्यावरचा दोर उचलून फेकला, तो अर्ध्यावरही पोचला नाही. परत फेकला. पुन्हा तेच. ऑर्वलने हात मारायचा प्रयत्न केला, दोन-चार हात मारले आणि हात थांबले. बोटं वाकडी झाली होती. या खोऱ्यात फोन लागत नाही. घर चढावर. बाईंचे गुडघे तसे. गाडी काठावर होती, पण भोंगा ऐकून कोणी येईपर्यंत उशीर झाला असता.

मग त्यांनी मला पाण्यातून वर ओढलं.

मला अजून कळलं नव्हतं. काठी मागे गेली, मी हवेत सुसाट निघालो आणि ऑर्वलच्या पलीकडे पाण्यात पडलो. बाईंनी हळूच ओढलं. मी त्याच्या बाहीवर आलो, कापडात टोक घुसलं, आणि एका लाटेने दोरी ढिली पडताच मी अलगद निसटलो. काटाच नव्हता ना! त्या क्षणी मी त्या पकडीला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या जन्मात दिल्या नाहीत.

दुसऱ्यांदा मी त्याच्या मानेमागे पडलो. कॉलरची शिवण चांगली जाड, तीन पदरी. मी तिच्यात घुसलो, होता नव्हता तेवढा घुसलो.

"बब," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण हात नाही. "हलू नकोस. पाठीवर पड."

"तु... तुटेल," ऑर्वल कसाबसा म्हणाला. खरंच होतं. माझी दोरी म्हणजे केसाला लाजवेल अशी. जून कुत्रीने हिसका दिला तरी तुटेल.

"गप्प बस. मासे बोलत नाहीत."

त्यांनी ओढलं नाही. त्या एक-एक पाऊल मागे सरकल्या, आणि काठी तेवढीच वाकलेली ठेवली. जास्त वाकली तर दोरी तुटणार. सरळ झाली तर मी निसटणार. ढिलं नाही, ताठ नाही. तरंगणारा माणूस हळूहळू येतो हो, मोठा लाकडाचा ओंडका येतो तसा. मी त्याच्या मानेशी होतो. त्याचा कान निळा पडला होता. त्याचे डोळे मला दिसले, उघडे, गोल, काहीच न समजलेले. असे डोळे मी आजवर शेकडो पाहिले होते, वर येणाऱ्या माशांचे. मला त्यांची कधी कीव आली नव्हती. त्या दिवशी मला भीती वाटली, साधी, नागडी भीती.

अर्ध्या वाटेवर ऑर्वलने पाय झाडले. घाबरून झाडले असतील. तो एकदम पुढे आला, दोरी सैल पडली, आणि पाण्यावरचं लाल-पांढरं बोंड आडवं झालं.

आडवं झालं की झटका. विचार नाही करायचा. पन्नास वर्षांची सवय! बाईंचं मनगट उठलं. मी पाहिलं, उठलं. एक हिसका, आणि दोरी गेली, आणि ऑर्वल गेला.

मनगट हवेतच थांबलं.

बाईंच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, कोणीतरी त्यांनाच पाण्यात ढकलल्यासारखा. मग डाव्या हाताने त्यांनी दोरी चिमटीत धरली आणि सूत गुंडाळावं तशी सावकाश आवरली. बोंड सरळ झालं. मी शिवणीत परत रुतलो.

धक्क्याशी आल्यावर बाई पोटावर आडव्या पडल्या, त्याची कॉलर धरली, माझ्यासकट. दोर त्याच्या काखेतून घेऊन लोखंडी कडीला बांधला. त्याला वर घेणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्या गुडघ्यांवर, अक्षरशः रांगत, काठावरच्या गाडीपर्यंत गेल्या आणि भोंग्यावर अंगच टाकून दिलं. टेकडीपलीकडचा हायरम तो आवाज ऐकून आला. दोघांनी मिळून ऑर्वलला वर घेतलं.

त्याच्या पँटची चेन उघडीच होती. हायरमने ते पाहिलं आणि टोपी काढून त्यावर ठेवली.

ऑर्वल वाचला. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. दवाखान्यात त्याचा कोट कात्रीने कापला आणि मी कॉलरसकट एका पिशवीत गेलो. चार दिवसांनी घरी, गोधड्यांत गुंडाळून, सूप पिताना त्याला बोलावंसं वाटलं. "डेल्फी, एवढा मोठा कधी लागला होता का गं तुला?"

"नाही."

"मग सोडून का नाही दिलास? तुझा तर नियम आहे."

तो हसत होता. बाईंनी चमचा खाली ठेवला आणि रडायला लागल्या. तोंडावर हात नाही, रुमाल नाही, काही नाही, तशाच समोर बसून मोठमोठ्याने. मला दवाखान्यातही एवढा धक्का बसला नव्हता. ऑर्वलने सूप बाजूला ठेवलं. "नाही गं," तो म्हणाला. "नाही. घालीन. शप्पथ, घालीन."

बाईंचा शपथेवर विश्वास नाही. त्यांनी माझं टोक कॉलरमधून काढलं, नारिंगी जॅकेट मांडीवर घेतलं आणि त्याच्या मागच्या बाजूला, मधोमध, मला लाल दोऱ्याने शिवून टाकलं. टोक बाहेर. घडी घालून बसायला जी बाजू वर येते ना, नेमकी तीच.

मार्चमध्ये ऑर्वल पुन्हा नावेत चढला. शपथ विसरला नव्हता म्हणा, पण बाक गार होता. क्षणभर तो बसला.

त्याची किंकाळी अख्ख्या खोऱ्यात घुमली. धक्क्यावरून बाई ओरडल्या, "काय रे बब, मासा लागला का?"

आता मी पाण्यात जात नाही. बदकाचं पीस झडत चाललंय, जूनचे केस पिवळे पडलेत. मासे पकडायचे असतील तर खुशाल पकडा, सोडायचे असतील तर सोडा, मी कोण सांगणार? एवढंच विनवतो, की जे अंगात घालायचं ते बुडाखाली घेऊन बसू नका. सगळ्यांच्या नशिबात डेल्फियाबाई नसतात.

नाव सुटते तेव्हा ऑर्वल मुकाट्याने जॅकेट चढवतो, कुरकुरत छातीवर पट्टा आवळतो. कासव दिसतो खरा. पण मी त्याच्या पाठीशी असतो.